बाईंचा फोन बाईंच्याच हातात

उल्हासनगर कॅम्प पाचमधून आम्ही बोलतोय. दुपारची वेळ आहे. जेवणं उरकली असतील, कुणाच्या मांडीवर जीन्सचा गठ्ठा असेल, धागे कापणं चालू असेल. काम थांबवू नका, फक्त कान इकडे द्या.

आज बचतीचं किंवा कर्जाचं बोलायचं नाही. आज बोलायचंय आपल्या मुलांच्या शाळेतल्या बाईंबद्दल. त्यातही पन्नाशी ओलांडलेल्या, खडू-फळ्यावर आयुष्य काढलेल्या बाईंबद्दल. त्यांच्यापुढे आता मोबाईल, ॲप, पासवर्ड आणि भिंतीएवढा पडदा येऊन उभा राहिलाय.

आमच्या वस्तीत अशा एक बाई आहेत. त्यांचं नाव आम्ही सांगणार नाही, शाळेचंही नाही. पण आमच्या गटातल्या तिघी-चौघी त्यांच्याच हाताखाली पाढे शिकल्या. गटातल्या सगळ्यात मोठ्या दोन मावशी आज ठरावाच्या वहीत अंगठा न उठवता सही करतात, ती सहीसुद्धा बाईंनीच शिकवलेली. साक्षरतेच्या वर्गात, संध्याकाळी, कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली.

एका पालक सभेनंतर या बाई आम्हाला गेटपाशी भेटल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घ्यावी म्हणतेय गं." आम्हाला वाटलं, तब्येतीचं काही असेल. तसं नव्हतं. वर्गात नवीन पॅनल बसलं होतं. बाई धडा लावायला गेल्या तर पडद्यावर 'नो सिग्नल'. वीस मिनिटं खटपट केली. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला, एक बटण दाबलं आणि चित्र आलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. कुणीतरी हसलंही. बाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, या वर्गाला माझी गरज नाही."

मैत्रिणींनो, गणिताचं भय मुलांच्या मनातून काढणारी बाई एका बटणापायी घरी बसली, तर नुकसान कुणाचं? आपल्याच मुलांचं.

आधी हे समजून घेऊ की एवढी अडचण येते तरी का. ज्या बाई तीस वर्षांपूर्वी नोकरीला लागल्या, त्यांच्या कामाच्या वस्तू चारच होत्या. खडू, फळा, पुस्तक आणि हजेरीपट. पुढे सगळं एकामागून एक आलं. २०१५ साली राज्यात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि डिजिटल शाळांची चर्चा गावोगाव पोहोचली. आपल्याच ठाणे जिल्ह्यातली शहापूर तालुक्यातली पाष्टेपाडा शाळा त्यात नावाजली गेली. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारचं 'दीक्षा' ॲप आलं, बालभारतीच्या पुस्तकांवर चौकोनी क्यूआर कोड छापून आले. मार्च २०२० मध्ये करोनाने शाळा बंद झाल्या आणि जिने कधी व्हिडिओ कॉल केला नव्हता, तिला मोबाईलवर वर्ग घ्यावा लागला. शिक्षकांची प्रशिक्षणंसुद्धा मोबाईलवर आली. भरीला मुलांची माहिती यूडायसच्या संकेतस्थळावर भरायची, आधार जुळवायचं, अपार ओळखपत्राची कामं करायची. हे सगळं शिकवण्याच्या वर. एवढं ओझं एकदम आलं तर तरुण माणूसही गांगरेल.

दुसरी कारणं शरीराची आहेत आणि ती कुणी बोलत नाही. चाळिशी लागली की बारीक अक्षर दिसत नाही. ॲपवरची राखाडी अक्षरं तर नाहीच नाही. बोटाचंही तसंच. मोबाईलच्या काचेवर अगदी सौम्य विजेचा पसारा असतो. आपलं बोट टेकलं की त्यात फरक पडतो आणि फोनला कळतं, इथे बोट लागलं. पण खडूने कोरडं पडलेलं बोट किंवा नुसतं नख लागलं तर त्याला कळतंच असं नाही. मग बाई जोरात दाबून धरतात, आणि दाबून धरणं म्हणजे फोनच्या भाषेत वेगळाच हुकूम. चिन्हं हलायला लागतात, नको ते उघडतं. बाईंना वाटतं, आपण काहीतरी बिघडवलं. बिघडलेलं काही नसतं. हलकं टेकवून बोट उचलायचं, एवढंच कुणी सांगितलेलं नसतं.

तिसरं कारण सगळ्यात मोठं. लाज. जी बाई आयुष्यभर इतरांच्या चुका तपासत आली, तिला मुलांसमोर, तरुण सहकाऱ्यांसमोर चुकायचं भय वाटतं. म्हणून ती विचारत नाही. न विचारल्यामुळे येत नाही. आणि येत नाही म्हणून अजून लाज वाटते.

आता तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायका शिक्षिकेला काय शिकवणार? आम्हालाही तेच वाटलं होतं. पण एक गोष्ट आम्ही आमच्या चुकीतून शिकलो होतो. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज मोबाईलवर भरायचे होते. वस्तीत रांगा लागल्या. आम्ही हुशारी केली. मावशी आली की तिच्या हातातला फोन घ्यायचा, टकाटक भरायचा, परत द्यायचा. काम झालं खरं, पण पुढे एकेका मेसेजसाठी त्याच मावश्या आमच्या दारात. "हे काय आलंय बघ गं." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आम्ही अर्ज भरला होता, शिकवलं काहीच नव्हतं.

त्यानंतर गटात एक नियम केला. शिकवणारीचे हात मागे. अक्षरशः पाठीमागे बांधायचे. तोंडाने सांगायचं, बोट मात्र शिकणारीचंच टेकलं पाहिजे. वेळ लागतो. आपला जीव वरखाली होतो. पण जे बोटाने केलं ते लक्षात राहतं, डोळ्यांनी पाहिलेलं विसरतं.

बाईंशी बोललो तेव्हा हाच नियम सांगितला. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, मुलाच्या हातातली पेन्सिल काढून घ्यायची नाही, हे मीच तर शिकवत आले."

मग आम्ही बसलो. बचत गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. आम्ही तीच शिकण्याला लावली.

पहिली, बैठक. दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास. शाळेत नाही, आमच्या गटाच्या खोलीत. तिथे हसणारं कुणी नाही. एक दिवस तीन तास बसण्यापेक्षा दर आठवड्याला अर्धा तास बरा.

दुसरी, बचत. एका आठवड्यात एकच गोष्ट. या शनिवारी फक्त फोटो काढून पाठवणं. पुढच्या शनिवारी फक्त क्यूआर कोड. थोडं थोडं साठतं, तसंच हे.

तिसरी, कर्ज. बाईंना जे आलं ते त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं. त्यांनी एका शेजारच्या अंगणवाडी ताईंना दिलं. शिकवायला लागलं की आपलं पक्कं होतं, हे शिक्षिकेला सांगायला नको.

चौथी, परतफेड. पुढच्या शनिवारी आल्या आल्या मागची गोष्ट एकदा स्वतः करून दाखवायची. आम्ही काही बोलायचं नाही.

पाचवी, हिशेब. एक वही. त्यात बाईंनी स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दात लिहायचं. आम्ही सांगितलं 'मेन्यू', बाईंनी लिहिलं 'वर कोपऱ्यात तीन ठिपके'. तेच बरोबर. वही बाईंची आहे, कंपनीची नाही.

आता नेमकं काय शिकलो ते सांगतो. तुमच्या शाळेतल्या बाईंनाही उपयोगी पडेल.

सुरुवात फोन बाईंच्या मापाचा करण्यापासून. सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं करायचं. भाषा मराठी करायची. पहिल्या पडद्यावर लागतात तेवढीच पाच-सहा चिन्हं ठेवायची, बाकीची मागे. एवढ्यानेच अर्धं भय जातं. पण हे करतानाही हात मागे बरं का.

मग लिहिणं. मोबाईलवर मराठी टाईप करणं म्हणजे डोकेदुखी. पण कीबोर्डवर माइकचं छोटं चिन्ह असतं. ते एकदा टेकवून मराठीत बोललं की अक्षरं आपोआप उमटतात. बाईंचे उच्चार स्वच्छ. आमच्यापेक्षा त्यांचं कितीतरी बरोबर उमटलं. पालकांना सूचना पाठवायला त्या आता हेच वापरतात.

मग क्यूआर कोड. ही काही जादू नाही. १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला हा चौकोन निघाला. तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात, त्यावरून कॅमेऱ्याला कळतं कोड कुठे आहे आणि सरळ कसा वाचायचा. मधल्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत पत्ता लिहिलेला असतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाला असे कोड जोडून मुलांना शिकवलं. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरची रक्कम, आणि त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली. बालभारतीच्या पुस्तकातला कोड 'दीक्षा' ॲपने उघडतो. कॅमेऱ्याने धरला नाही तर घाबरायचं नाही. कोडच्या खाली सहा अक्षर-अंकांचा क्रमांक छापलेला असतो, तो ॲपमध्ये लिहिला तरी चालतं. आणि वर्गात नेट मिळत नसेल तर घरीच धडा डाऊनलोड करून ठेवायचा. मग वर्गात नेट लागत नाही.

मग ते पॅनल. 'नो सिग्नल' आलं तर बहुतेक वेळा बिघाड नसतो. पडद्याला दोन-तीन ठिकाणांहून चित्र येऊ शकतं आणि तो रिकाम्या ठिकाणाकडे बघत बसलेला असतो. 'सोर्स' किंवा 'इनपुट' लिहिलेलं बटण दाबून बरोबर जागा निवडायची. त्या मुलाने दाबलं ते हेच बटण. दुसरी गंमत, बऱ्याच पॅनलच्या चौकटीत न दिसणाऱ्या किरणांची जाळी असते. मध्ये काहीही आलं तरी त्याला ते बोटच वाटतं. बाई लिहायच्या तेव्हा मधेच रेघोट्या उमटायच्या. कारण शोधलं तर पदर! पदर खोचला, रेघोट्या गेल्या. वर्गात हे सांगितलं तर मुलं हसली, पण या वेळी बाईही हसल्या.

शेवटी ओटीपी. फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, मग तो शिक्षण खात्यातून बोलतोय म्हणो की बँकेतून. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करायचा. हे बाईंनी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलंय.

हे सगळं आलं, पण बाईंच्या मनात एक प्रश्न होताच. "पडद्यावर सगळं दिसतं, मग मी काय करू?" त्याचं उत्तर आम्ही दिलं नाही. ते त्यांच्याच एका तासाने दिलं.

त्या दिवशी नदीचा धडा होता. बाईंनी पॅनलवर उपग्रहाचा नकाशा उघडला. आधी आपली शाळा शोधली. मुलं ओरडायला लागली, ते बघा माझं घर! मग बोटाने नकाशा सरकवत वालधुनी नदी धरली. मागे अंबरनाथला, शिवमंदिराच्या कडेने, जे मंदिर १०६० साली शिलाहारांच्या काळात उभं राहिलं, आणि पुढे उल्हासनगरातून कल्याणकडे, उल्हास नदीला मिळेपर्यंत. ज्याला आपण रोज नाला म्हणतो, ती नदी आहे हे मुलांना तेव्हा कळलं. फळ्यावर हे दाखवता आलं नसतं.

पण इथे बाईंनी पॅनल बंद केलं. आणि २६ जुलै २००५ चा पाऊस सांगितला. पाणी कसं चढलं, शेजाऱ्यांनी एकमेकांना कसं धरलं, दुसऱ्या दिवशी वह्या-पुस्तकं उन्हात कशी वाळवली. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, तेही सांगितलं. मग मुलांना विचारलं, "नदीला एवढा राग का येतो?" एका मुलाने विचारलं, "बाई, पाणी काळंनिळं का?" दुसऱ्याने उत्तर दिलं, "जीन्स धुतल्याचा रंग." वर्ग गप्प झाला. त्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी जीन्सचेच धागे कापले जातात.

हा प्रश्न कुठल्या ॲपमध्ये नव्हता. पडदा कधी लावायचा आणि कधी बंद करायचा, हे ठरवणारी बाईच होती. तीस वर्षांचा अनुभव म्हणजे हेच. नवं यंत्र नीट येण्यासाठी हा अनुभव बाजूला ठेवायचा नसतो, यंत्राला त्याच्या हाताखाली घ्यायचं असतं.

मैत्रिणींनो, सगळंच गोड झालं असं आम्ही सांगणार नाही. आमच्याकडे आलेल्या दुसऱ्या एका शिक्षिका दोन शनिवार आल्या आणि थांबल्या. त्यांनी निवृत्ती घेतली. त्यांच्याकडे आम्ही उशिरा पोहोचलो. आणि काही अडचणी शिकण्याच्या नसतातच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले, ते आठवतं ना? लोक म्हणाले, बायकांना शिकायचं नाही. खरं कारण वेगळं होतं. फोन हलक्या प्रतीचे, सतत बंद पडणारे, आणि माहिती भरायचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. म्हणून कुणी "मला जमत नाही" म्हणालं, तर आधी तपासा. जमत नाहीये, की यंत्रच धड नाहीये? धड नसलेल्या यंत्राचा दोष बाईंच्या वयावर टाकू नका.

आणि इथे पालक म्हणून आपल्या हातात काहीतरी आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यातले तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. त्या सभेला जा. विचारा, पॅनल बिघडलं तर दुरुस्तीला कोण येतं? नेटचा खर्च कोण करतं, की बाई स्वतःच्या खिशातून करतात? मोठ्या वयाच्या शिक्षकांना पुन्हा पुन्हा सराव करायला वेळ दिलाय का? हे विचारणं म्हणजे तक्रार नाही, आपल्या मुलाच्या वर्गाची काळजी आहे.

वयाचं म्हणाल तर आपल्याच जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या, काही तर नव्वदीच्या घरातल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन शाळेत जायला लागल्या आणि अक्षरं गिरवून सही करायला शिकल्या. योगेंद्र बांगर गुरुजींनी ती सुरू केली. तिथे कुणी आजीला हसलं नाही, म्हणून ती शिकली. पन्नाशीतल्या शिकलेल्या बाईंना फोन का नाही जमणार?

आमच्या बाईंचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज अजून दिलेला नाही. मध्ये एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तो कपाटात आहे. सध्या वेळ नाही, शनिवारी वही भरायची असते." अजूनही कधी पासवर्ड विसरतात, कधी रात्री नऊला फोन येतो, "अगं, ते तीन ठिपके कुठे गेले?" आम्ही सांगतो. तोंडाने.

गेल्या महिन्यात तो मागच्या बाकावरचा मुलगा आजारी होता आणि वर्गात पुन्हा 'नो सिग्नल' आलं. बाईंनी बटण दाबलं, चित्र आलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना त्यात काही विशेष वाटलंच नाही. बाई म्हणाल्या, "तेच मला सगळ्यात आवडलं."

तर या आठवड्यात एवढंच करा. मुलाला शाळेत सोडताना बाई भेटल्या तर विचारा, "बाई, मोबाईलवर काही अडतं का? शनिवारी या, चहा घेऊ." आणि मुलांना घरी सांगा, बाईंना बटण सापडलं नाही तर हसायचं नाही, हळूच जवळ जाऊन सांगायचं. बाईंनी आपल्याला 'अ' गिरवायला शिकवला तेव्हा आपणही किती वेळा चुकलो होतो. त्या हसल्या नव्हत्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.